साथीच्या वर्षातील दोन हजार रुपये
(अकलूज येथील ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



संमेलनात गुणवंतांचा सत्कार व्हावा, थोरांचे स्मरण व्हावे, हे उचितच आहे. परंतु आम्ही आज आपले लक्ष सातबाराच्या उताऱ्यासारख्या रुक्ष विषयाकडे वेधू इच्छितो. कारण साथीच्या वर्षी सरकारी साहाय्य कोणाच्या घरी आले व कोणाच्या दारावरून गेले, हे बहुतांशी त्या कागदाने ठरविले.

2020 साल आपण कोणी विसरलेलो नाही. 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. शेतात माल तयार, पण तो नेणारे वाहन नाही आणि घेणारा बाजार नाही, अशी शेतकऱ्याची कोंडी झाली. दरवर्षी रिंगणासाठी अकलूजला येणारी तुकोबारायांची पालखीही त्या वर्षी आली नाही, पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या.

26 मार्च रोजी केंद्र सरकारने गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. त्यात शेतकऱ्यांस दोन हजार रुपयांचा हप्ता एप्रिलच्या आरंभीच देण्याचे ठरले; 8.7 कोटी शेतकऱ्यांस त्याचा लाभ होईल, असे सांगण्यात आले. हे नवे दान नव्हते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. 2019 साली सुरू झालेल्या किसान सन्मान निधीतून वर्षाला सहा हजार रुपये तीन हप्त्यांत मिळावयाचेच होते. त्यांतील एक हप्ता लवकर मिळाला, इतकेच.

तरीही त्यास क्षुल्लक लेखू नये. 1918 साली इन्फ्लुएन्झाची साथ आली आणि त्याच वर्षी पाऊसही रुसला. त्या काळी सरकारी मदत म्हणजे मुख्यतः तगाई, 1884 च्या कायद्यान्वये मिळणारे कर्ज! ते व्याजासह फेडावे लागे. 2020 मधील दोन हजार फेडावयाचे नव्हते, आणि कोणाच्या हाताखालून न जाता ते थेट बँकेच्या खात्यात जमा झाले.

परंतु हा निधी जमीनधारकासाठी आहे, कसणाऱ्यासाठी नव्हे. बटईने शेत करणाऱ्यास त्यात स्थान नाही. मजुरी करणाऱ्या भगिनीस, जनधन खाते असल्यास, एप्रिल ते जून दरमहा पाचशे रुपये मिळाले. खाते नसल्यास तेही नाही. घाम गाळणारा एक आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचे, अशी स्थिती असेल, तर मदत नावाचा माग काढीत जाते, घामाचा नव्हे. ही उणीव शासनाने दूर करावी, अशी मागणी आपण अवश्य करावी.

आपल्या हाती जे आहे, त्याविषयी मात्र आपण शासनाकडे बोट दाखवू शकत नाही. आजोबा जाऊन वर्षे लोटली, तरी उताऱ्यावर त्यांचेच नाव. भावाभावांत बोलणे नाही, म्हणून वारसनोंद नाही. अशी घरे आपल्या समाजात थोडी नाहीत. या योजनेत लाभासाठी 1 फेब्रुवारी 2019 ही मर्यादा ठरविली गेली. त्यानंतर जमीन नावावर झालेल्यास लाभ नाही, मात्र मृत्यूमुळे वारसाकडे आलेल्या जमिनीस त्यातून सवलत आहे. ती सवलत तरी कोणास? ज्याची नोंद झाली त्यास. वारसाहक्काने जमीन मिळाल्यापासून तीन महिन्यांत गावच्या महसूल अधिकाऱ्यास, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यास, कळवावे, असे जमीन महसूल संहिता सांगते.

साथीने कित्येक घरांतील कर्ता पुरुष नेला. मागे राहिलेल्या भगिनीचे नाव लावताना दीर-भावजयीचा संकोच आड येतो. हा संकोच मर्यादेचा नव्हे, अन्यायाचा आहे, असे आम्ही नम्रपणे पण निश्चयाने म्हणतो. जिचे कुंकू गेले, तिचा हक्कही जावा, हे कोणत्या कुलाचाराला शोभेल?

म्हणून ज्ञातिबांधवांस एवढीच विनंती, की पुढील संमेलनापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपला उतारा काढून वाचावा, वारसनोंद करावी, बँकेचे खाते व आधार यांवरील नाव जुळते आहे की नाही ते पाहावे. लिहितावाचता येणाऱ्या तरुणांनी शेजारच्या वृद्धांस यात हात द्यावा. संकट पुन्हा येईल तेव्हा सांगून येणार नाही. कागद मात्र आजच नीट करता येतो.