एक दाखला, एक वर्ष



आपल्या रुग्णालयातील एका आयाबाईंची कन्या आज बी.डी.एस.च्या पहिल्या वर्षात शिकत आहे. यश तिचे, तिचे एक वर्ष गेले, हा दोष मात्र आमचा. आईच्या वेतनाचा दाखला देण्यास आमच्या कार्यालयाकडून विलंब झाला. त्यामुळे तहसील कार्यालयातून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र मुदतीत मिळाले नाही, शासकीय महाविद्यालयातील जागा हुकली आणि ‘नीट’ पुन्हा द्यावी लागली. जमाखर्च चोख ठेवणाऱ्या आम्हांस एका कागदाचे मोल तेव्हा कळले. आता असा दाखला आम्ही दोन दिवसांत देतो.

चार वर्षांचे शिक्षण व एक वर्षाची आंतरवासिता, असा हा पाच वर्षांचा संसार. वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या पात्र कुटुंबांतील मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश मिळाल्यास २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. परंतु वसतिगृह, खानावळ, पुस्तके आणि सरावाची उपकरणे यांचा भार कुटुंबावरच राहतो. शैक्षणिक कर्जाची परतफेड शिक्षणानंतर सुरू होते. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढते.

म्हणून आमची नम्र विनंती आहे की, आपल्या देणगीतील काही अंश कर्मचाऱ्यांच्या पाल्यांच्या उपकरणांसाठी राखून ठेवावा. त्याचा पै-पैचा हिशेब आम्ही पुढील अहवालात सादर करू.