इंद्रायणीचा फेस आणि घरातली मोरी

(एका वसंत व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)



कार्तिक वद्य एकादशीच्या पहाटेची आळंदी क्षणभर डोळ्यांसमोर आणावी. बोचरी थंडी, टाळमृदंगाचा गजर, घाटाच्या पायऱ्यांवर दाटलेली गर्दी. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून आलेला वारकरी धोतर सावरीत पाण्यात उतरतो आणि ओंजळ भरतो. गेल्या काही वर्षांत अनेकदा असे घडले आहे की, त्या ओंजळीत पाण्याआधी पांढरा फेस आला. बंधाऱ्यावरून कोसळणाऱ्या पाण्यावर फेसाचे डोंगर तरंगू लागले, वृत्तपत्रांतून छायाचित्रे झळकली, चार दिवस संताप व्यक्त झाला आणि पुढच्या यात्रेपर्यंत सारे शांत झाले. वारकरी मात्र फेस हाताने बाजूला सारतो, डोळे मिटतो आणि आचमन करतो. त्याच्या श्रद्धेविषयी प्रश्नच नाही. समाजाने त्याच्या ओंजळीत काय घातले, हा खरा प्रश्न आहे.

फेस येतो कोठून?

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंडे परिसरात उगम पावते. मावळातून वाहत ती देहूला येते, पुढे आळंदीला आणि तुळापूरजवळ भीमेला मिळते. सुमारे शंभर किलोमीटरांचा हा प्रवास. उगमाजवळची इंद्रायणी निर्मळ असते. वाटेत लोणावळ्यापासून पिंपरी-चिंचवडपर्यंतची शहरे, झपाट्याने वाढलेली गावे, गृहसंकुले आणि औद्योगिक पट्टे लागतात. त्यांचे सांडपाणी नाल्यानाल्याने नदीत उतरते. काही पाणी शुद्ध होऊन येते, पुष्कळसे तसेच येते.

फेस हा या सांडपाण्याचा दिसणारा पुरावा. कपड्यांची पूड, भांड्यांचा साबण, फरशी पुसण्याचे द्रव यांत पाण्याचा ताण कमी करणारी रसायने असतात. नदीला प्रवाह कमी आणि रसायने अधिक, अशी स्थिती झाली की, बंधाऱ्यावरून पडताना पाण्यात हवा मिसळते आणि साबणाच्या बादलीत होते तेच नदीत होते. कारखान्यांचे सांडपाणी त्यात भर घालते.

तथापि फेसापेक्षा न दिसणारी हानी मोठी आहे. मैलापाण्यातील सेंद्रिय घाण कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. घाण जितकी जास्त, तितका प्राणवायू अधिक खर्ची पडतो आणि मासे गुदमरतात. सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरस ही जलपर्णीची मेजवानी. ती वाढली की सूर्यप्रकाश अडतो, पाणी साचते, डास वाढतात. स्नानासाठी योग्य पाण्याची शासकीय कसोटी अशी की, जैविक प्राणवायूची मागणी लिटरमागे ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावी आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा. ज्या नदीत लक्षावधी लोक पुण्यप्राप्तीसाठी उतरतात, तिने निदान एवढी कसोटी तरी उतरावी, ही अपेक्षा फार मोठी म्हणता येणार नाही.

नदीचीही वारी

आषाढीसाठी देहू-आळंदीहून पालख्या पंढरीकडे निघतात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच वेळी आणखी एक वारी निघालेली असते, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. इंद्रायणीचे पाणी तुळापूरला भीमेत मिसळते, पुण्याकडून मुळा-मुठेचे पाणीही पुढे भीमेलाच मिळते, उजनीच्या जलाशयात ते साठते आणि तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. सोलापूरकर उजनीचे पाणी पितात. म्हणजे देहू-आळंदीच्या वरच्या अंगाला नाल्यात सोडलेली घाणही वाळवंटाच्याच दिशेने निघालेली असते. वारकरी पायी चालत जाऊन पुन्हा त्याच पाण्यात ओंजळ घालतो.

‘कारखान्यांना आधी आवरा, मग आम्हांला सांगा,’ असे उत्तर यावर हमखास मिळते. कारखान्यांना आवरलेच पाहिजे. त्यांचे सांडपाणी कमी असले तरी अधिक विषारी असू शकते आणि १९७४च्या जलप्रदूषण कायद्याने त्यांच्यावर स्पष्ट बंधने घातली आहेत. परंतु त्यामुळे घरांना सुटका मिळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१च्या अहवालानुसार देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होत होते. उभारलेल्या केंद्रांची क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरांची होती आणि प्रत्यक्ष शुद्धीकरण २०,२३६ दशलक्ष लिटरांचे होत होते. चार लिटरांतील एका लिटराहून थोड्या अधिक पाण्यावर प्रक्रिया, उरलेले नदीनाल्यांत वा जमिनीत. याच मंडळाने २०२२मध्ये देशातील ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी दिली, तीत सर्वाधिक ५५ पट्टे महाराष्ट्रातले होते. संतांच्या आणि नद्यांच्या महाराष्ट्राला हा पहिला क्रमांक भूषणावह नाही.

हा हिशेब घरापर्यंत आणून पाहावा. भुयारी गटारे असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी द्यावे, असे प्रमाण मानले जाते. त्यातील सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. पाच जणांच्या कुटुंबाचे रोजचे ५४० लिटर आणि दोनशे कुटुंबांच्या संकुलाचे १ लाख ८ हजार लिटर. म्हणजे दहा हजार लिटरांचे जवळजवळ अकरा टँकर रोज. ते कोठे जातात, हे त्या संकुलातील किती जण सांगू शकतील?

परंपरेने काय शिकवले?

नदीला माता म्हणणाऱ्या समाजाची नदी अशी का झाली, असा टोमणा वारंवार ऐकू येतो. टोमणा बोचरा आहे, म्हणून तो दुर्लक्षण्याजोगा ठरत नाही. वस्तुतः परंपरेत दोष शोधावा लागत नाही. पाण्यात मलमूत्र टाकणे, थुंकणे धर्मशास्त्रांनी निषिद्ध मानले आहे. देहूच्या डोहातील महासीर मासे पवित्र मानून न मारण्याची रीत होती. कायद्याचे कलम वा पहारेकरी नसतानाही श्रद्धेने एक मत्स्यजाती राखली. पुढे या माशाची संख्या इतकी घटली की, लोणावळ्याजवळच्या टाटा पॉवरच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याचे कृत्रिम प्रजनन करावे लागले. श्रद्धा माशाला जाळ्यापासून वाचवू शकली, सांडपाण्यापासून वाचवू शकली नाही. कारण जाळे टाकणारा समोर दिसत होता, मोरीत पूड ओतणारा दिसत नव्हता.

आपली चूक येथेच झाली. आरती नदीच्या काठावर राहिली आणि आचार घराच्या उंबरठ्याच्या आत शिरलाच नाही. निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट पुलावरून सोडणारे हात भाविकाचेच असतात. फुले कुजतानाही प्राणवायू खर्च होतो आणि पिशवी तर कुजतही नाही. पूजेचा शेवट नदी मलिन करण्यात होत असेल, तर त्या पूजेत काही तरी निसटले आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

पंजाबातील धडा

नदी पुन्हा जिवंत होऊ शकते का? पंजाबात काली बेई नावाची सुमारे १६० किलोमीटर लांबीची नदी आहे. सुलतानपूर लोधी येथे गुरू नानकदेवांच्या जीवनाशी ती जोडलेली आहे. गावांचे सांडपाणी आणि जलपर्णी यांनी तिचा नाला झाला होता. २००० साली संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी कारसेवा आरंभली. भाविक टोपल्या-फावडी घेऊन पात्रात उतरले, जलपर्णी उपसली, गाळ काढला, घाट बांधले. २००६ साली तत्कालीन राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम ते काम पाहण्यासाठी गेले आणि २०१७ मध्ये सीचेवाल यांना ‘पद्मश्री’ने गौरवण्यात आले.

या कामाचे मर्म टोपल्या-फावड्यांत नव्हते. केवळ गाळ काढून थांबले असते, तर पुढच्या पावसाळ्यात नदी पूर्ववत झाली असती. गावाचे सांडपाणी साध्या तळ्यांतून निवळून शेतीला देण्याची पद्धत त्यांनी रुजवली. नदीकडे जाणारी घाण वाटेतच अडली आणि शेतालाही पाणी मिळाले. जे काम कालीच्या काठी भक्तीने केले, ते इंद्रायणीकाठी अशक्य का मानावे? वारीच्या वाटेवर फिरती शौचालये उभारून ‘निर्मल वारी’चा उपक्रम स्वयंसेवकांनी गेल्या दशकात करून दाखवलाच आहे. आता ती निर्मळता मार्गावरून पात्रात उतरायला हवी.

आरंभ मोरीपासून

प्रत्येक घराला उद्यापासून करता येतील, अशा गोष्टी थोड्या आणि साध्या आहेत. कपड्यांची पूड मापाने घालावी. मूठभर जास्त घातल्याने कपडा अधिक शुभ्र होत नाही, नदी मात्र अधिक फेसाळते. फॉस्फेटविरहित पूड मिळत असेल तर ती निवडावी. तळणीचे उरलेले तेल आणि ताटातील खरकटे मोरीत सोडू नये, भांडी आधी पुसून मग घासावीत. ओला कचरा व निर्माल्य यांचे खत करावे, त्या खतावर वाढलेली जास्वंद पुन्हा देवालाच वाहता येते. मुदत संपलेली औषधे शौचकूपात टाकू नयेत. गावातील घरांनी मोरीचे पाणी रस्त्यावर न सोडता शोषखड्ड्यात वा परसबागेत जिरवावे. यात्रेला गेल्यावर नदीत साबण लावून स्नान करू नये, कपडे धुऊ नयेत, जुनी वस्त्रे पात्रात सोडू नयेत.

गृहसंकुलांची जबाबदारी याहून मोठी. अनेक मोठ्या संकुलांत सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा परवानगीपुरती बसवलेली असते आणि पुढे विजेचे बिल वाचवण्यासाठी बंद ठेवली जाते. सर्वसाधारण सभेत वाहनतळावर तास-तास वाद होतो. एकदा तरी विषयपत्रिकेवर ‘आपली यंत्रणा चालू आहे काय’ हा विषय यावा. मैला उपसणारा टँकर तो कोठे रिकामा करतो, हेही विचारावे.

हे सारे केल्याने नदी शुद्ध होईल, असा भ्रम मात्र नसावा. शुद्धीकरण केंद्रे, गटारांचे जाळे, कारखान्यांवर कठोर देखरेख ही कामे शासनाची आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचीच आहेत. पण ती कामे प्रश्न विचारणाऱ्या नागरिकांशिवाय होत नाहीत. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांच्या पाण्याचे नमुने तपासते. २००५च्या माहिती अधिकार कायद्याने आपल्या गावाच्या शुद्धीकरण केंद्राची क्षमता किती आणि रोज शुद्ध होणारे पाणी किती, हे कोणालाही मागता येते. नद्यांचे रक्षण हे राज्यघटनेच्या कलम ५१-अ मध्ये सांगितलेले नागरिकाचे मूलभूत कर्तव्यही आहे. मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला रस्ता आणि दिवे यांच्याबरोबर ‘आमचे सांडपाणी कोठे जाते’ हा प्रश्न दहा घरांतून विचारला गेला, तर पुढच्या अंदाजपत्रकात त्याला उत्तर शोधावे लागेल. आणि स्वतःच्या घरची मोरी सांभाळणाऱ्याने विचारलेल्या प्रश्नाला धार असते.

कार्तिकीची ती पहाट दर वर्षी येणार आहे. वारकरीही येणार आहे, पाण्यात उतरणार आहे, ओंजळ भरणार आहे. तो कोणाकडे तक्रार करणार नाही, त्याचा तो स्वभाव नाही. म्हणूनच त्याच्या वतीने बोलण्याची जबाबदारी इतरांवर येते. आज घरी गेल्यावर हात धुताना मोरीत उतरणारे पाणी क्षणभर पाहावे आणि ते पुढे कोणाच्या ओंजळीत जाणार आहे, एवढे मनात आणावे.