उत्तरार्धाचा काळोख

पेण शहरांत आणि आसपासच्या हमरापूर, जोहे ह्या गांवांत गणपतीचे कारखाने वर्षभर चालू असतात. प्रथम एक मूर्ति हातानें घडवितात, तिच्यावरून साचा घेतात आणि मग त्या साच्यांतून शेंकडों मूर्ति निघतात. साचा फार वापरला गेला म्हणजे बोटांच्या व दागिन्यांच्या कडा बोथट होऊं लागतात, हें तेथील कारागिरांस सांगावें लागत नाहीं. एक चित्रपट चालला म्हणून त्याच्या पाठोपाठ जो दुसरा भाग निघतो, त्याविषयीं सुशिक्षित प्रेक्षकांच्या मनांत असलेली नावड ह्याच जातीची होय. नाक-डोळे तेच, धार मात्र गेलेली! ही नावड बहुतेक वेळां रास्त ठरते. परंतु वैज्ञानिक कल्पनेवर उभारलेल्या चित्रपटांत असें अधूनमधून घडतें कीं, दुसरा भाग पहिल्याहून अधिक उदास, अधिक काळोखा, आणि तरीहि पहिल्याहून सरस उतरतो. त्याचें कारण शोधण्याजोगें आहे.

सन १९३१ मध्यें जेम्स व्हेल ह्या दिग्दर्शकानें 'फ्रँकेन्स्टाइन' हा बोलपट काढला. मेरी शेली ह्या इंग्रज लेखिकेच्या १८१८ सालच्या कादंबरीचा त्यास आधार होता. एक तरुण शास्त्रज्ञ प्रेतांचे अवयव जोडून त्यांत विजेच्या बळानें प्राण ओततो आणि तो राक्षस त्याच्या हाताबाहेर जातो. राक्षस बोलत नाहीं, नुसता घुरघुरतो. शेवटीं तो जळत्या पवनचक्कींत सांपडतो आणि गांव निर्धास्त होतें. प्रेक्षकास पडलेला प्रश्न एवढाच, कीं असें करतां येईल काय, आणि केल्यावर त्याचा बंदोबस्त कसा व्हावा?

चार वर्षांनीं त्याच दिग्दर्शकानें 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' दिला. येथें राक्षस बोलूं लागतो, आणि सारा फरक ह्या एका गोष्टीनें पडतो. रानांतील एका आंधळ्या वृद्धाच्या झोंपडींतून फिडलचे सूर येतात. त्यांच्या ओढीनें तो आंत शिरतो. वृद्धास त्याचें रूप दिसत नाहीं म्हणूनच तो त्याला जेवूं घालतो व 'मित्र' हा शब्द शिकवितो. डोळस माणसें येतात आणि तें घर जळून जातें. पुढें त्याच्यासाठीं एक स्त्री निर्माण करण्यांत येते. तीहि त्याला पाहून किंकाळी फोडते. तेव्हां आपल्या निर्मात्यास व त्याच्या पत्नीस जाऊं देऊन तो स्वतःच कळ ओढतो आणि तिच्यासह शेवट करून घेतो. निर्मात्यानें काय केलें हें पहिल्या भागांत दिसलें. निर्मिलेल्याचें काय झालें हें दुसऱ्यांत. हा दुसरा प्रश्न आरंभींच विचारतां आला नसता. नवें जग, नवें यंत्र, नवा प्राणी ह्यांची ओळख करून देण्यांतच पहिल्या भागाची निम्मी शक्ति खर्ची पडते. दुसऱ्या भागाच्या हातीं ती शक्ति शिल्लक राहते. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'चा शेवट विजयानें व पदकांनीं होतो. १९८० च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्यें नायक आपला हात गमावतो आणि शत्रु हाच आपला बाप असें त्याला कळतें. कारण तेंच.

महाराष्ट्राला हा प्रकार चित्रपटांकडून शिकावा लागला नाहीं. आठव्या शतकांतील भवभूति हा विदर्भांतील पद्मपूरचा. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी ह्यांच्या मतें हें पद्मपूर म्हणजे आमगांवजवळचें गांव. रामकथेवर त्याचीं दोन नाटकें आहेत. 'महावीरचरित' रामाचा पराक्रम सांगत राज्याभिषेकापाशीं थांबतें. तें आज फारसें कोणी वाचीत नाहीं. 'उत्तररामचरित' त्या अभिषेकानंतर सुरू होतें आणि भवभूतीचें नांव राहिलें आहे तें त्याच्यावर. पहिल्याच अंकांत सीतेच्या मनोरंजनार्थ लक्ष्मण तिला पूर्वायुष्याचीं चित्रें दाखवितो. म्हणजे पूर्वार्ध सगळा चित्रांत जाऊन बसतो. ('ब्राइड'च्या आरंभींहि दिवाणखान्यांत मेरी शेलीसमोर बायरन मागील कथेची उजळणी करतो, युक्ति एकच, मध्यें सुमारें बाराशें वर्षें!) चित्रें पाहून थकलेली गरोदर सीता रामाच्या बाहूवर झोंपते. तोंच दुर्मुख लोकापवादाची वार्ता घेऊन येतो, आणि राम तो बाहु हळूच काढून घेतो. येथें रावण नाहीं. ज्या कर्तव्यनिष्ठेमुळें राम पूर्वार्धांत मोठा ठरला, तीच येथें घाव घालते. काळोख बाहेरून आणलेला नाहीं, आणि म्हणूनच तो खोल आहे.

विज्ञानाच्या कथेस हें विशेष लागू पडतें, कारण शोध हा तिचा पूर्वार्ध आणि परिणाम हा उत्तरार्ध. रोहेकरांस हें अमेरिकेनें सांगावयास नको. धाटावला रासायनिक कारखाने आले, पोरांना घराजवळ नोकऱ्या मिळाल्या, हा पूर्वार्ध. पुढें कुंडलिकेच्या पाण्याविषयीं व खाडींतील मासळीविषयीं तक्रारी उठल्या. नोकरी आणि तक्रार पुष्कळदां एकाच घरांतली! पेण तालुक्यांतील गागोदें येथें १८९५ सालीं जन्मलेले विनोबा विज्ञानाचे चाहते होते, पण त्याची हिंसेशीं सांगड पडली तर सर्वनाश, असें ते बजावीत.

अर्थात् नुसता काळा रंग फांसून भागत नाहीं. शंकर ह्या दिग्दर्शकाच्या २०१० च्या 'एंथिरन'चा दुसरा भाग '२.०' २०१८ मध्यें आला. मोबाइलच्या लहरींनीं पक्षी मरतात ह्या दुःखानें एक वृद्ध पक्षिशास्त्रज्ञ मनोऱ्यावर गळफास घेतो. सालिम अलींनीं जेथें सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचा अभ्यास केला तें किहीम रायगड जिल्ह्यांतच असल्यानें तेथील प्रेक्षकास हा म्हातारा परका वाटूं नये. त्याच्या पूर्वकथेचा तेवढा भाग उत्तम साधला आहे. पण मग यंत्रांची झुंज सुरू होते आणि दुःख मागें पडतें.

भवभूति असें होऊं देत नाहीं. सातव्या अंकांत नाटकांतलें नाटक रचून तो सीता रामास परत देतो, मूळ रामायणाचा शोकान्त बाजूस ठेवतो. हा गोड शेवट कित्येकांस रुचत नाहीं. परंतु बारा वर्षें गेलीं तीं गेलींच. लव-कुशांचें बालपण रामानें पाहिलेलें नाहीं, आणि भवभूतीनेंहि तें त्याला परत दिलेलें नाहीं.