जागा राखीव, पण प्रतिनिधी कोणाचा?

(बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गापुढील भाषण)

अल्पसंख्य समाजाला देशाच्या संसदेत जागा मिळाली की त्याला प्रतिनिधित्व मिळाले, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः जागा ही कायद्याने मिळते; प्रतिनिधित्व संघटनेने मिळवावे लागते. हा भेद समजून घेण्यासाठी ग्रंथ चाळण्याची गरज नाही. बुलढाणा जिल्ह्याचा इतिहास पुरेसा आहे.

१९७७ पासून २००९ पर्यंत बुलढाणा लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव होता. या अवधीत नऊ सार्वत्रिक निवडणुका झाल्या. १९७७ मध्ये, आणीबाणीनंतरच्या निवडणुकीत, रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाचे दौलत गुणाजी गवई विजयी झाले. १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसचे बाळकृष्ण वासनिक आले, १९८४ मध्ये त्यांचे चिरंजीव मुकुल वासनिक वयाच्या पंचविसाव्या वर्षी आले, तर १९८९ मध्ये भारतीय जनता पक्षाचे सुखदेव काळे. त्यानंतर १९९१ व १९९८ मध्ये पुन्हा मुकुल वासनिक आणि १९९६, १९९९ व २००४ मध्ये शिवसेनेचे आनंदराव अडसूळ निवडून आले. म्हणजे नऊपैकी सहा निवडणुका दोनच व्यक्तींनी जिंकल्या. त्यांतील एकाचे राजकीय घराणे नागपूरकडचे, तर दुसऱ्यांचे सार्वजनिक कार्य मुंबईतील बँक कर्मचाऱ्यांच्या चळवळीत घडलेले.

पुढे मतदारसंघांची पुनर्रचना झाली. २००९ मध्ये बुलढाणा खुला झाला आणि विदर्भात रामटेक व अमरावती राखीव झाले. त्या निवडणुकीत वासनिक रामटेकहून विजयी झाले, तर अडसूळ अमरावतीहून. राखीव जागा हलली, तसे उमेदवारही हलले. मेहकर, लोणार, सिंदखेडराजाच्या दलित वस्त्यांतील शेतमजूर मात्र जेथे होता तेथेच राहिला. बत्तीस वर्षे ज्याच्या नावाने ही जागा राखली गेली, त्याच्यातून खुल्या मतदारसंघातही टिकेल असे नेतृत्व उभे राहिले नव्हते. २००९ पासूनच्या चारही निवडणुका प्रतापराव जाधव यांनी जिंकल्या आहेत.

येथे कोणा व्यक्तीवर दोषारोप करण्याचा हेतू नाही. लोकसभेच्या राखीव जागेवर देशातील कोणत्याही राज्यातील अनुसूचित जातीच्या मतदाराला उभे राहता येते. कायदाच तसा आहे. दोष आहे तो उमेदवार ठरविण्याच्या पद्धतीत. राखीव जागेवरचा उमेदवार दलित असला पाहिजे, एवढेच कायदा सांगतो. तो कोणी निवडावा, याविषयी कायदा मौन पाळतो. ती पोकळी पक्षश्रेष्ठी भरून काढतात.

ही पोकळी पूर्वी नव्हती, याची आठवण फारशी कोणी ठेवलेली नाही. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पृथक मतदारसंघाची मागणी सोडावी लागली. प्रांतिक विधिमंडळांतील राखीव जागा १४८ झाल्या, तथापि निवडणूक संयुक्त मतदारसंघाची झाली. मात्र त्याच करारात प्राथमिक निवडणुकीची तरतूद होती. राखीव जागेसाठी प्रथम केवळ दलित मतदारांनी मत देऊन चार उमेदवार निवडावयाचे आणि त्या चौघांतून सर्व मतदारांनी एकाला पाठवावयाचे. ही व्यवस्था पहिल्या दहा वर्षांपुरतीच होती. स्वतंत्र भारताच्या घटनेत राखीव जागा आल्या, पण प्राथमिक निवडणूक आली नाही.

त्याचे फळ खुद्द बाबासाहेबांच्या वाट्याला आले. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत काँग्रेसचे नारायणराव काजरोळकर यांनी त्यांचा पराभव केला. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा पराभूत झाले. भंडाऱ्याची जागा तेव्हा द्विसदस्य होती आणि प्रत्येक मतदाराला दोन मते होती. त्याच मतदारसंघात, त्याच मतदारांनी सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांना निवडून दिले आणि राखीव जागेवर बाबासाहेबांना नाकारले. दलितांचा सर्वमान्य नेता दलितांसाठी राखलेल्या जागेवर हरला आणि समाजवादी नेता जिंकला. हा विजय समाजवादी चळवळीने अभिमानाने नव्हे, अंतर्मुख होऊन आठवावा असा आहे.

समुद्रापार गेलेल्या भारतीयांनाही या प्रश्नाने सोडलेले नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातील अनेक कुटुंबे उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेली. तेथे आजही मराठी समाज आहे आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. १९६८ मध्ये स्वतंत्र झालेल्या त्या देशाच्या घटनेने हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उर्वरित अशा चार समाजांत लोकसंख्या विभागली. निवडून आलेल्या ६२ सभासदांखेरीज जास्तीत जास्त आठ जागा पराभूत उमेदवारांना समाजवार देऊन समतोल साधण्याची योजना केली. त्या हिशेबात मराठी माणूस स्वतंत्रपणे दिसतच नाही; तो हिंदूंच्या रकान्यात जातो. शिवाय हिशेब होतो तो १९७२ च्या जनगणनेवरून. ‘रेझिस्तान्स एक आल्टर्नातिव्ह’ या तेथील डाव्या पक्षाच्या उमेदवारांनी अर्जावर आपला समाज लिहिण्यास नकार दिला, तेव्हा त्यांचे अर्ज बाद झाले. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने त्यांच्या बाजूने मत दिले आणि २०१४ च्या निवडणुकीपुरती ती सक्ती दूर करण्यात आली. संरक्षणासाठी आखलेला रकानाच कालांतराने माणसाला कोंडतो, हा मॉरिशसचा धडा आहे.

यावरून राखीव जागाच नकोत, असा निष्कर्ष काढणे ही प्रतिगाम्यांची जुनी युक्ती आहे. तिला समाजवाद्यांनी थारा देऊ नये. राखीव जागा नसत्या तर बुलढाण्याहून एकही दलित लोकसभेत गेला असता, असे छातीठोकपणे कोण म्हणू शकेल? राखीव जागा हा तळ आहे. त्यालाच छत समजणे ही चूक आहे.

तळाच्या वर काय उभारता येते, हे १९९८ ने दाखविले. त्या वर्षी अकोल्याहून प्रकाश आंबेडकर, अमरावतीहून रा. सू. गवई, चिमूरहून जोगेंद्र कवाडे आणि उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले असे रिपब्लिकन चळवळीचे चार नेते लोकसभेत गेले. चारही मतदारसंघ खुले होते. अकोला तर बुलढाण्याला लागूनच. गट एकत्र आले, मित्रपक्षांनी आपली मते प्रामाणिकपणे दिली आणि जे अशक्य मानले जात होते ते घडले. ती लोकसभा वर्षभरात विसर्जित झाली, एकजूटही टिकली नाही. परंतु खुल्या जागेवर दलित उमेदवार निवडून येत नाही हा समज तेव्हा कायमचा खोटा ठरला.

हा केवळ इतिहासाचा प्रश्न नाही. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा व विधानसभांत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखण्याचे ठरविले असून अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतही त्यांचा वाटा राहील. या जागा पुढील पुनर्रचनांबरोबर फिरणार आहेत. जागा फिरल्या की उमेदवार बाहेरून येणार, आणि आणले जाणार ते नेत्यांच्या घरातले. बुलढाण्याने जे बत्तीस वर्षे पाहिले, तेच स्त्रियांच्या बाबतीत देशभर घडण्याचा धोका आहे.

साथींनो, कायदा बदलेपर्यंत पक्षाला हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. पुणे करारातील प्राथमिक निवडणूक पक्षाला स्वतःच्या घरात आजही घेता येईल. मेहकरची विधानसभेची जागा राखीव आहे. तेथील उमेदवार मुंबईत ठरविण्याऐवजी मेहकर-लोणारच्या दलित वस्त्यांत सभा भरवून, मतदान घेऊन ठरवावा. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या खुल्या जागांवर दलित, आदिवासी, मुस्लिम कार्यकर्ते उभे करावेत आणि त्यांच्यासाठी इतरांनी घरोघर फिरावे. मुस्लिमांना तर लोकसभेत राखीव जागेचा आधारही नाही. निवडून आलेल्याने वर्षातून एकदा ज्या वस्तीने त्याला निवडले, त्या वस्तीपुढे उभे राहून हिशेब द्यावा.

हे काम संथ आहे, त्यात वर्तमानपत्री प्रसिद्धी नाही. पण प्रतिनिधी आपला की पक्षश्रेष्ठींचा, याचा निकाल मतमोजणीच्या दिवशी लागत नाही. तो उमेदवारीच्या दिवशीच लागलेला असतो.