बिऱ्हाड जवळ आलें. मग घरून काम कां?



चाकरमान्यानें बिऱ्हाड बदललें म्हणजे नव्या जागेंत पाणी किती वेळ येतें, मुलांची शाळा किती दूर पडते आणि भाडें पगाराचा केवढा लचका तोडतें, याची चौकशी आप्तेष्ट करतात. अलीकडे यांत आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे, आणि तो आप्तेष्ट विचारीत नाहींत, कचेरी विचारते. "आतां तुम्ही जवळ आलांत, मग घरून काम करण्याची सवलत तुम्हांला कशाला हवी?" प्रश्न इतका सरळ वाटतो कीं, पुष्कळ जण तेथेंच निरुत्तर होतात आणि मिळालेली सवलत मुकाट्यानें परत करतात. कांहीं जण त्याहून सोपी युक्ति काढतात. नवा पत्ता कचेरीला कळवीतच नाहींत. मला हे दोन्ही मार्ग पसंत नाहींत. ते कां, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

ही सवलत मुळांत कशी मिळाली तें आधीं आठवूं या. २०२० च्या मार्चमध्यें टाळेबंदी झाली, मुंबईच्या लोकल गाड्या सामान्य उतारूंना बंद झाल्या, आणि जें काम संगणकावर होण्यासारखें होतें तें निरुपायानें घरोघर गेलें. पुढें निरुपाय संपला. कचेऱ्यांनीं माणसें परत बोलावलीं, तेव्हां ज्यांना घरून काम करावयाचें होतें त्यांना अर्जांत कांहीं तरी कारण लिहिणें भाग पडलें. विरार ते चर्चगेट हें अंतर ६० किलोमीटर आहे. तें रोज दोनदां कापणाऱ्या माणसाला कोणी पुरावा मागत नाहीं. वरिष्ठहि बहुधा कोठल्या तरी गाडीला लोंबकळूनच वरिष्ठ झालेला असतो. त्यामुळें अंतर हें सर्वांत बिनतक्रार कारण ठरलें. घरीं एकाग्रता साधते, कामाची प्रत सुधारते, असें लिहिलें असतें तर वाद झाला असता. 'बदलापूर' एवढें लिहिलें कीं वाद मिटत असे.

माझ्या परिचयाच्या एक बाई आहेत. वांद्रे-कुर्ला संकुलांतल्या एका कचेरींत त्या हिशेबतपासणीचें काम करतात. बदलापुराहून जाण्यायेण्यांत त्यांचे दिवसाचे साडेतीन-चार तास जात, म्हणून त्यांना आठवड्यांतून तीन दिवस घरून काम करण्याची मुभा मिळाली होती. पुढें सासूबाईंना आठवड्यांतून तीनदां डायलिसिसला न्यावें लागूं लागलें, आणि रुग्णालय जवळ असावें म्हणून त्यांनीं घाटकोपरला जागा घेतली. कचेरी जवळ आली हा निवळ योगायोग होता. वरिष्ठांना पत्ता कळवितांच त्यांनीं मनापासून अभिनंदन केलें आणि म्हटलें, "फार छान झालें, आतां रोज भेट होईल!" त्या गृहस्थांच्या मनांत कांहीं काळेंबेरें नव्हतें. अंतर हा रोग, घरून काम हें औषध; रोग बरा झाला, आतां औषध कशाला, असा त्यांचा साधा हिशेब होता. गरज सरो नि वैद्य मरो!

आतां हें औषध खरोखरच अंतरावरचें होतें काय, हें पाहिलें पाहिजे. घरीं बसून मोलाचें काम करणें ही कांहीं संगणकानें आणलेली नवलाई नव्हे. सोलापुरांत माग आणि चूल कित्येक घरांत एकाच छपराखालीं नांदत आलीं आहेत. विड्या वळणारणींच्या घरांतल्या कामाची दखल १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्यानें घेतली. पण या प्रश्नावर सर्वांत चांगला उजेड पडतो तो लिज्जत पापडाच्या उद्योगावरून. १९५९ च्या मार्चमध्यें गिरगांवांतल्या सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन तो सुरू केला. त्याची रीति आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिली असेल. सकाळीं भगिनी शाखेवर जातात, आदल्या दिवशीं लाटलेले पापड देतात, त्यांचें वजन व पारख होते, मजुरी मिळते, आणि भिजवलेलें नवें पीठ घेऊन त्या घरीं परततात. लाटणें आणि वाळविणें घरीं. म्हणजे येथें कामाची जागा जवळ आहे, रोजची प्रत्यक्ष भेटहि आहे, आणि तरीसुद्धां काम घरींच होतें. शाखा जवळ आली म्हणून आतां पोळपाट घेऊन येथेंच बसा, असें कोणी म्हणत नाहीं. कामाचे दोन भाग पडतात. एक समोरासमोर करावयाचा, दुसरा आपापल्या जागीं. कोठला भाग कोठें, हें कामाच्या स्वभावावरून ठरतें. घर आणि शाखा यांमधलें अंतर मोजून तें ठरत नाहीं.

संगणकावरच्या कामालाहि हाच न्याय लागूं पडतो, असें म्हणावयास आतां चांगला आधार आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी यांनीं सीट्रिप या प्रवासव्यवस्था करणाऱ्या चिनी कंपनीच्या शांघाय येथील कचेरींत २०१० अखेरपासून नऊ महिने एक प्रयोग केला. टेलिफोनवर आरक्षणें घेणारे जे नोकर घरून काम करावयास तयार होते, त्यांच्यांतून सम तारखेला जन्मलेल्यांना आठवड्यांतले चार दिवस घरीं बसविलें आणि विषम तारखेच्यांना कचेरींतच ठेवलें. घरच्यांचें काम १३ टक्के अधिक भरलें. त्यांतले सुमारे ९ टक्के अधिक वेळ कामावर राहिल्यामुळें, म्हणजे विश्रांतीच्या सुट्या आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्यामुळें आले. आणि सुमारे ४ टक्के दर मिनिटाला अधिक टेलिफोन घेतल्यामुळें, ज्याचें श्रेय घरच्या निवांतपणाला दिलें गेलें. हे ४ टक्के लक्षांत ठेवण्यासारखे आहेत. निवांतपणा कचेरीपासून ६० किलोमीटरांवर जसा असतो तसाच तो ६ किलोमीटरांवरहि असूं शकतो. मात्र त्याच प्रयोगांत असेंहि दिसलें कीं, सारख्याच दर्जाचें काम करूनहि घरच्यांना बढत्या कमी मिळाल्या. आणि पुढें निवडीची मोकळीक मिळतांच अर्ध्याअधिकांनीं आपली जागा बदलली. एकटेपणाला कंटाळून कित्येक कचेरींत परतले.

माझ्या म्हणण्याच्या उलट जाणारें प्रमाणहि सांगितलें पाहिजे. त्याच कंपनींत पुढें १,६०० हून अधिक नोकरांवर दुसरा प्रयोग झाला. त्यांत आठवड्याला दोन दिवस घरचे होते. २०२४ सालीं 'नेचर' नियतकालिकांत त्याचे निष्कर्ष आले. नोकरी सोडून जाणारांचें प्रमाण एक तृतीयांशानें घटलें, आणि ही घट विशेषतः स्त्रियांत, अधिकारपदावर नसलेल्यांत आणि लांबून येणारांत दिसली. म्हणजे अंतराला महत्त्व आहेच. शिवाय २७ देशांतल्या एका पाहणींत असें आढळलें कीं, घरून काम केल्यानें प्रवासाची दिवसाला सरासरी ७२ मिनिटें वांचतात आणि त्यांतला सुमारें ४० टक्के वेळ लोक पुन्हां नोकरीच्या कामालाच देतात. जवळ राहावयास आलेल्या माणसाकडून कचेरीला हा नजराणा मिळणार नाहीं. तेव्हां बिऱ्हाड बदललें तरी तिळमात्र फरक पडला नाहीं, असा आव आणणें खोटें होईल. फरक पडतो, सवलतीचें एक कारण गळून पडतें. उरलेलीं कारणें आहेत कीं नाहींत, हें नव्यानें दाखवावें लागतें, आणि तें दाखविण्याची जबाबदारी नोकराचीच आहे.

कायद्याची दृष्टि येथें पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे खाजगी नोकरदाराला घरून काम करण्याचा सर्वसाधारण हक्क नाहीं. तो परस्परांच्या कराराचा भाग आहे. परंतु २०१७ सालीं मातृत्व लाभाच्या कायद्यांत जी सुधारणा झाली, तिनें प्रसूतीच्या रजेनंतर घरून काम करूं देण्याची वाट मोकळी केली, आणि त्यासाठीं कसोटी लावली ती कामाच्या स्वरूपाची. बाई कोठें राहते, हा प्रश्न त्यांत नाहीं. ब्रिटनमध्यें ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवशींच कामाची वेळ वा जागा बदलून मागतां येते. मालकाला नकार द्यावयाचा तर कायद्यांतल्या आठ कारणांतून तो द्यावा लागतो. वाढता खर्च, गिऱ्हाइकांची गैरसोय, कामाची घसरती प्रत अशीं तीं कारणें आहेत. नोकराचें घर जवळ आहे, हें कारण त्या आठांत नाहीं.

तेव्हां पत्ता लपविण्याचें कांहींच कारण नाहीं. लपविणाराला तर स्वतःलाच वाटत असतें कीं, सवलतीखालची जमीन सरकली आहे. पुढें केव्हां तरी तो पत्ता उघड होतोच, आणि मग कामाविषयींचा प्रश्न सचोटीविषयींचा होऊन बसतो.

पण खरी अडचण, माझ्या मतें, या पहिल्या प्रश्नोत्तरांत नाहीं. ती नंतर येते. जवळ राहणाऱ्याची सवलत कोणी हुकूम काढून काढून घेत नाहीं. ती "जरा येऊन जा" या तीन शब्दांनीं झिजते. सकाळीं अकराला टेलिफोन येतो. एक सही हवी असते, एक कागद सांपडत नसतो, कोणी पाहुणे आलेले असतात. बदलापुरास राहणाऱ्या बाईला असा टेलिफोन कोणी केला नसता. घाटकोपरच्या बाईला तो करतांना कोणाची जीभ अडखळत नाहीं. अर्ध्या तासाचा रस्ता खरा. परंतु कपडे बदलणें, जाणें, थांबणें, चहा घेणें, परत येणें आणि सुटलेल्या आंकड्यांची संगति पुन्हां लावणें यांत दुपार संपते. आठवड्यांतून दोनदां असें झालें कीं घरचा दिवस हा नांवाचाच घरचा राहतो. घरींहि तोच प्रकार. "तूं घरींच आहेस ना" म्हणून गॅसवाल्यापासून शेजारच्या मुलाच्या अभ्यासापर्यंत सर्व कांहीं तिच्याच गळ्यांत पडतें. पुरुष घरून काम करीत असला तर दार लावून बसतो आणि घर पाऊल न वाजवतां वावरतें. बाईच्या दाराला कडी नसते. हें आपल्या सुशिक्षित घरांतलें चित्र आहे, आणि तें बदलण्यास कोठल्याहि कचेरीची परवानगी लागत नाहीं.

दुसऱ्या बाजूनें, जवळ आलेल्यावर एक ऋणहि चढतें. नव्यानें लागलेलीं मुलें काम शिकतात तीं बरीचशीं शेजारीं बसून, पाहून. अनुभवी माणसें घरीं बसलीं तर त्यांनीं कोणाकडे पाहावें? ज्याला येण्यास चार तास लागत नाहींत, त्यानें या मुलांसाठीं आपले दिवस राखून ठेवावेत, अशी अपेक्षा कचेरीनें केली तर मी तिला अन्याय म्हणणार नाहीं.

त्या बाईंनीं काय केलें? जुन्या अर्जाची मुदत वाढवून मागितली नाहीं. नवा अर्ज केला. पहिल्याच ओळींत नवा पत्ता घातला आणि प्रवासभत्त्यांतली जादा रक्कम बंद करावी असें लिहिलें. त्याखालीं कामाची वांटणी केली. खात्यांची तपासणी आणि अहवालाचें लेखन हीं सलग तीन-तीन तास मागणारीं कामें घरीं. गिऱ्हाइकांशीं बोलणीं, कनिष्ठांच्या कागदांची उजळणी आणि विभागाची बैठक कचेरींत. पूर्वीच्या दोन दिवसांऐवजीं कचेरीचे तीन दिवस त्यांनीं आपण होऊन देऊं केले, आणि त्या बदल्यांत एवढेंच मागितलें कीं, उरलेल्या दोन दिवसांत बोलावणें आल्यास तें आदल्या संध्याकाळपर्यंत यावें. मार्चअखेरचा पंधरवडा मात्र यास अपवाद. मुदत सहा महिन्यांची, नंतर कामाचे आंकडे समोर ठेवून फेरविचार. वरिष्ठांनीं आठवडाभर कागद टेबलावर ठेवला, एक वार बदलला आणि सही केली. मंगळवार आणि शुक्रवार हे त्यांचे घरचे दिवस ठरले आहेत. मंगळवारीं दुपारीं सासूबाई रुग्णालयांत असतात. त्यांना तेथें पोंचविण्याचें काम आतां बाईंचे यजमान करतात.