सुटकेचा दाम कोणाच्या खिशात?



मुलांनी काय वाचावे यावर बोला, असे चालकांनी आम्हाला सांगितले. आम्ही काही पंडित नव्हे. सातवीनंतर आमची शाळा म्हणजे वाचनालय आणि युनियनची कचेरी. तेव्हा एकाच पुस्तकाविषयी बोलतो आणि तेथून आपल्या मुलखाकडे वळतो.

अमेरिकेत एलिझाबेथ येट्स या बाईंनी १९५० साली मुलांसाठी एमॉस फॉर्च्यूनचे चरित्र लिहिले. दुसऱ्याच वर्षी त्याला न्यूबेरी पदक मिळाले. एमॉस हा आफ्रिकेतून आणलेला गुलाम. मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न गावी, मालकाच्या कुंडांवर, तो कातडी कमावी. आपल्या भाषेची गंमत पाहा, कातडेही कमावायचे आणि पैसाही कमावायचा. एमॉसने कातडे कमावले, पैसा मालकाने. साठीच्या सुमारास तो मोकळा झाला. मग १७७८ साली त्याने ५० पौंड मोजून लिडिया नावाच्या गुलाम बाईला सोडवले व तिच्याशी लग्न केले. ती काही महिन्यांतच वारली. पुढच्या वर्षी पुन्हा ५० पौंड मोजून त्याने व्हायोलेटला सोडवले. तिच्याबरोबर सेलिंडिया नावाची मुलगी त्याच्या घरी वाढली. जाफ्री गावी त्याने स्वतःची कुंडे घातली आणि १८०१ साली मरताना गावच्या शाळेसाठी पैसे ठेवले.

माणूस मोठा, यात शंका नाही. पुस्तक मुलांच्या हाती जरूर द्यावे. पण आम्ही पडलो कामगारांचे हिशेब तपासणारे. आमची नजर त्या ५० पौंडांवर जाते. ते कोणाच्या खिशात गेले? ज्याने माणूस बांधून ठेवला त्याच्याच! मुलगा पुस्तक मिटून म्हणेल, की कष्ट केले, पैसा साठवला, की सुटका होते. त्याला तेवढ्यावर सोडून चालणार नाही. शेजारी दुसरी गोष्ट ठेवावी लागेल, आणि ती आपल्याच महाराष्ट्रात घडलेली आहे.

ठाणे जिल्ह्यात डहाणू-उंबरगावकडे लग्नगड्याची चाल होती. वारली तरुण लग्नापुरते पैसे जमीनदाराकडून घेई आणि त्यापायी नवराबायको दोघेही त्याच्या शेतावर राबत. कर्ज काही फिटत नसे. (ज्या वारली लग्नचौकाचे आज शहरांत कौतुक होते, तो तांदळाच्या पिठाने भिंतीवर रेखायचा तोच हा लग्नाचा प्रसंग. भिंतीवर चौक, आणि जमीनदाराच्या वहीत नाव!) एमॉससारखे साठवून सुटावे म्हटले तर साठवणार काय? मजुरीच मुळी हाती पडत नव्हती.

१९४५ च्या मे महिन्यात झरी गावी हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. ठरले ते थोडक्यात असे: वेठ करायची नाही, आणि दिवसाचे १२ आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचे नाही. लग्नगडी घरी परतू लागले. कोणी दाम मोजला नाही. मोल मात्र पडले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड व आणखी माणसे मेली. गोदावरीबाईंनी ही हकिकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितली आहे. मोठ्या मुलांना ते सहज वाचता येईल.

पुढे १९७६ चा वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. त्यातले एक कलम आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. वेठीचे कर्ज फेडायचेच नाही, ते संपले असे समजायचे. एमॉसला जे ५० पौंड दोनदा मोजावे लागले, ते या कायद्याने शून्यावर आणले.

आता आपल्या वाशीम-मालेगावकडे या. पाडव्याला सालगड्याचे साल ठरते. उचल घेतलेली असते. प्रत्येक सालदार वेठबिगार असतो असे आम्ही म्हणत नाही, भले मालकही आम्ही पाहिले आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोला मिळून 'एक कोयता' म्हणतात. दोन माणसांचे एक हत्यार! उचल फिटली नाही म्हणून मुकादम त्यांना पुढच्या हंगामाला अडकवून ठेवतो, काम सोडू देत नाही, तेव्हा तो लग्नगडीच झाला की नाही?

अशा वेळी उचल फेडण्यासाठी दुसरे कर्ज काढू नका. जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा. कायद्याप्रमाणे जिल्ह्याला आणि उपविभागाला दक्षता समिती असायला हवी. अर्जात उचलीची रक्कम, तारीख आणि मुकादमाचे नाव लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. अर्ज लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी पोराला बसवा.