बिल कधी निघणार?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



लहान धंदा सुरू करू पाहणाऱ्या माणसाला अडचण विचारली, तर बहुतेक वेळा तो भांडवलाचे नाव घेतो. माझा व्यवसाय हिशेब तपासण्याचा. फौंड्रीवाले, मशीन शॉपवाले, बेकरीवाले, मसाले करणाऱ्या भगिनी यांची पुस्तके मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे, की भांडवल किती घातले यापेक्षा ते किती दिवसांनी परत हातात येते, यावर लहान धंद्याचे जगणे-मरणे ठरते. माल खपला नाही म्हणून बंद पडलेले धंदे मी पाहिले आहेत. पण माल खपत होता, ऑर्डरी होत्या, ताळेबंदात नफा दिसत होता आणि तरी शनिवारचा पगार वाटायला पैसे नव्हते, असे बंद पडलेले धंदे मला जास्त दिसले. आज त्याच विषयावर बोलायचे आहे.

सुरुवात गिरगावपासून करतो. १५ मार्च १९५९ रोजी एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी पापड लाटायला घेतले. हातात ८० रुपये होते, तेही छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांच्याकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे भरली आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. लिज्जत पापडाची ही सुरुवात तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. ८० रुपयांची गोष्ट भाषणांतून नेहमी सांगितली जाते. मला त्यापेक्षा पुढचा व्यवहार महत्त्वाचा वाटतो.

या बायकांनी आरंभी दोन प्रतींचे पापड केले होते, एक चांगला आणि एक स्वस्तातला. छगनबाप्पांनी त्यांना सांगितले, की एकच प्रत ठेवा, तीत कधी खोट येऊ देऊ नका, आणि हा धंदा आहे असे समजून हिशेब चोख लिहा. तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही, हेही त्यांनी ठरवून टाकले. मग पावसाळा आला. पापड वाळेनात, काम चार महिने बंद राहिले. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि शेगडी आणली. वर पापड पसरायचे, खाली शेगडी ठेवायची. पावसातही काम चालू राहिले. खाट आणि शेगडी ही या धंद्याची पहिली यंत्रसामग्री, आणि ती घेतली कशासाठी? उत्पादन वाढवायला नव्हे, काम अखंड चालावे म्हणून. ज्या धंद्याचे वर्षातले चार महिने रिकामे जातात, त्यातली माणसे टिकत नाहीत आणि गिऱ्हाईकही दुसरीकडे वळते.

आता त्यांच्या पैशाचा फेरा पाहा. सकाळी केंद्रावरून भिजवलेले पीठ न्यायचे, घरी पापड लाटायचे, दुसऱ्या दिवशी ते जमा करायचे आणि लाटणावळ घ्यायची. लाटणारीला रोजचे पैसे रोज मिळतात. मग रोजचे पैसे रोज द्यायचे तर ते यायलाही रोजच हवेत. म्हणून वितरकाने माल उचलताना रोख पैसे द्यायचे, ही रीत त्यांनी पाडली. पापडासारख्या मालाला उधारी नाही म्हणणे सोपे नव्हते. बाजारात पापड करणारे दुसरे कितीतरी होते. पण एकच प्रत ठेवल्यामुळे गिऱ्हाईक दुकानात नाव घेऊन पापड मागू लागले, आणि तिथे वितरकाचा नाइलाज झाला. दर्जा आणि रोकड यांचा संबंध मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. आज या संस्थेत चाळीस हजारांहून जास्त भगिनी आहेत, आणि आरंभीच्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

कुणी म्हणेल, पापड आज केला, उद्या विकला. लोखंडाच्या धंद्यात असे कसे जमणार? प्रश्न रास्त आहे. म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे येऊ.

लक्ष्मणराव मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिक्षक होते. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि बंधू रामुअण्णा बेळगावात विकायचे. सायकल चालवायला शिकवण्याचे वेगळे पैसे घेत. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आले आणि मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. नांगर शेतकरी घेईना. लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी समजूत होती. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षे गेली, असे सांगतात.

दोन वर्षे. या दोन वर्षांत घर कशावर चालले, कामगारांना काय दिले, लोखंड कशाने आणले? आपण चिकाटीचे कौतुक करतो आणि हे प्रश्न विचारत नाही. लक्ष्मणरावांची चिकाटी असामान्य होतीच, पण तिच्या खाली आधार होता. सायकलीच्या दुकानातून हात बसला होता, पत तयार झाली होती, कडबा कापण्याच्या यंत्राचा अनुभव होता. ज्या मालाचे पैसे लवकर येतात, त्याच्या जोरावर त्यांनी उशिरा पैसे देणारा माल उभा केला. पुढे बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसू लागली. वाट पाहू शकणाऱ्या माणसाकडून आलेला तो पैसा होता. असा पैसा मिळत नसेल, तर संथ धंदा नुसत्या जिद्दीवर चालवू नये, असे मी तरुणांना स्पष्ट सांगतो. मी कित्येक घरांतले दागिने अशा जिद्दीपायी गेलेले पाहिले आहेत.

आता आजच्या एखाद्या औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात चला. आकडे समजायला सोपे म्हणून मी धरलेले आहेत. एक कारखानदार महिन्याला १० लाखांचे सुटे भाग एका मोठ्या कंपनीला देतो. माल, वीज, पगार मिळून खर्च ९ लाख, नफा १ लाख. कंपनी ९० दिवसांनी पैसे देते. म्हणजे कोणत्याही दिवशी त्याची तीन महिन्यांची बिले, ३० लाख रुपये, बाहेर असतात. त्यातले २७ लाख त्याच्या खिशातून किंवा बँकेकडून गेलेले आहेत. शिवाय १८ टक्क्यांनी प्रत्येक महिन्याचा जीएसटी १ लाख ८० हजार. कच्च्या मालावर भरलेला कर त्यातून वजा होतो. पगारावर मात्र वजावट नाही. उरलेला कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचा, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत.

अशा वेळी कंपनी म्हणते, ऑर्डर दुप्पट करतो. घरात पेढे येतात. पण दुप्पट मालासाठी आणखी २७ लाख अडकणार आहेत. आजच्या नफ्यातून ते साठवायचे म्हटले, तर सव्वादोन वर्षे लागतील आणि तोवर घरी एक रुपया नेता येणार नाही. वाढता धंदा पैसा खातो, तो असा. हा हिशेब ऑर्डर घेण्याआधी मांडावा. कंपनीला सांगावे, की कच्चा माल तुमचा द्या, मी नुसती मजुरी घेतो. किंवा निम्मीच वाढ घ्यावी. किंवा बँकेकडे आधी जाऊन मर्यादा वाढवून घ्यावी. ऑर्डर घेऊन मग धावाधाव करणाऱ्याला बँकही ताटकळत ठेवते.

बँकेवरून आठवले. कॅश क्रेडिट, आपण ज्याला सीसी म्हणतो, ती मालात आणि उधारीत फिरणाऱ्या पैशासाठी असते. त्यातून गाळा घेणे, गाडी घेणे, मुलीचे लग्न करणे हे प्रकार सर्रास चालतात. फिरणारा पैसा भिंतीत गेला की परत फिरत नाही, आणि व्याज मात्र महिन्याच्या महिन्याला लागत राहते. धंद्याचा गल्ला आणि घरचा खर्च एक करू नका. मालकाने स्वतःला पगार लावून घ्यावा, थोडा का असेना. बायकोने, आईने धंद्यात राबावे आणि तिच्या नावाने काहीच लिहिले जाऊ नये, हे तर मला अन्यायाचे वाटते. तिची मजुरी धरल्याशिवाय मालाची किंमतच खरी निघत नाही.

कायदा काय म्हणतो? सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रमांचा २००६ चा कायदा आहे. सूक्ष्म वा लघु उत्पादकाकडून माल किंवा सेवा घेतली, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. उशीर केल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. दाद मागायला सुविधा परिषद आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराचीही जोड मिळाली. मुदतीत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च वजा मिळत नाही. यासाठी तुमची उद्यम नोंदणी हवी. ती इंटरनेटवर विनामूल्य होते, दलालाला पैसे देण्याचे कारण नाही.

इतका चांगला कायदा असून तो वापरला का जात नाही? भीती. तक्रार केली तर ऑर्डर जाईल. आपल्या ऊस उत्पादकाकडे पाहा. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर, द्यावी, हा नियम त्याने रस्त्यावर उतरून, संघटना बांधून जागता ठेवला. कोल्हापूर-सांगलीत असे वर्ष जात नाही, की त्यावर बोलणे होत नाही. त्याच जिल्ह्यांतला लहान कारखानदार आपल्या ४५ दिवसांविषयी तोंड उघडत नाही, कारण तो एकटा आहे. गळेकापू दराने शेजारच्या गाळ्याची ऑर्डर पळवण्यात त्याची शक्ती जाते. इचलकरंजीच्या कापडबाजारात पैसे देण्याच्या मुदतीला धारा म्हणतात. अशी धारा प्रत्येक औद्योगिक वसाहतीतल्या संघटनेने ठरवावी आणि ती मोडणाऱ्याला कुणीच माल देऊ नये. एकट्याला जे जमत नाही, ते पन्नास जणांना जमते. आणि एका गिऱ्हाइकावर निम्म्याहून जास्त धंदा असेल, तर दुसरे गिऱ्हाईक शोधणे हेच या वर्षीचे काम समजा. नकार देण्याची ताकद त्यातूनच येते.

शेवटी विनंती उद्योजकांना नाही, समोर बसलेल्या बाकी सर्वांना आहे. इथे डॉक्टर आहेत, शाळांचे चालक आहेत, गृहसंस्थांचे पदाधिकारी आहेत, गणेश मंडळांचे कार्यकर्ते आहेत, मोठ्या कारखान्यांतले अधिकारी आहेत. मांडववाला, छापखानेवाला, फर्निचर करून देणारा सुतार, युनिफॉर्म शिवून देणाऱ्या बचत गटाच्या भगिनी, यांची बिले आपल्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या कपाटात पडलेली असतील. काम पसंत पडले असेल, तर ती थांबवू नका. मराठी माणसाने धंदा करावा असे आपल्याला खरोखर वाटत असेल, तर उद्या सकाळी ते बिल काढा आणि पैसे देऊन टाका.